कार्बाईड

उद्यमबागेत तिसऱ्या गल्लीत
मोनाप्पा कंग्राळकरांची शेड.
दारात उसाची ट्रॉली, अँगल तुटलेली,
कोपऱ्यात टाकी, आणि पत्र्याच्या डब्यात
राखाडी खडे.

दिसायला रस्त्याची खडी.
पण चुना नि कोक एका भट्टीत
दोन हजार अंशांवर वितळले,
तेव्हाची आग त्यांनी गिळून ठेवलेली.
पाणी लागलं की बोलतात.

पहिल्या दिवशी मी तांब्याभर ओतलं.
टाकी अशी फुरफुरली, की दस्तगीर
हातातला पाना टाकून रस्त्यावर.
मोनाप्पा ओरडले नाहीत. म्हणाले,
"थेंबानं सोड की बे.
तहानलेल्याच्या तोंडात
घागर पालथी घालतंय काय कोण?"

मग थेंब. बुडबुडा. पुन्हा थेंब.
लसणीचा वास शेडभर.
शाळेत बाई सांगायच्या, तो वास त्याचा नव्हेच,
खड्यातल्या भेसळीचा.
निव्वळ असिटिलीन कधी आला, कधी गेला
नाकाला कळायचं नाही.

वहीत तो किती सोपा:
दोन कार्बन, दोन हायड्रोजन,
कार्बनांच्या मध्ये तीन रेघा.
"तीन हातांनी धरलंय एकमेकांना,
म्हणून सुखात आहेत समजू नका,"
बाई फळा पुसत म्हणायच्या,
आणि पुढचं सांगायच्या आत
घंटा व्हायची.

पुढचं इथं कळलं.
नुसता पेटवला तर पिवळा, काजळी ओकतो;
काळी जळमटं तरंगत येतात
आमच्या डब्यातल्या भाकरीवर.
ऑक्सिजनची चावी जराशी फिरली
की निळा, टोकदार.
मोनाप्पा काळा चष्मा ओढतात:
"आता न्यूट्रल."
अँगलची दोन टोकं
लाल होतात, मग ओली,
मग कुठलं कुठलं ते सांगता येत नाही.

संध्याकाळी टाकीच्या तळाचा पांढरा चिखल
बादलीत काढायचा माझा नेम.
चुनाच तो. भट्टीत गेलेला, परत आलेला.
पलीकडची शांतव्वा कन्नडात काहीबाही पुटपुटत
बादली नेते,
रस्त्याकडच्या भिंतीला लावते.
तिथं दोन लिप्यांतल्या घोषणा
एकीवर एक, गेल्या किती वर्षांच्या.

ओला असताना चुना काहीच झाकत नाही,
अक्षरं उलट जास्तच ठळक दिसतात.
ती कुंचला धुऊन निघून जाते.
वाळता वाळता पांढरी होते भिंत,
पण आठ दिवस
जवळून जाणाऱ्याला वाटतं,
कुणीतरी फोडणी दिलीय.