मेलचं पान

पुण्याच्या रेसकोर्सवर त्याचं नाव होतं नाइट मेल.
सात शर्यती. दोन जिंकल्या, एक गेली नाकाच्या फरकानं,
सातव्या वेळी पुढच्या उजव्या पायाची शीर सुजली
आणि त्याच्यावर पैसे लावणाऱ्यांनी
त्याच संध्याकाळी दुसरं नाव पाठ केलं.

हे सगळं छापील कागदावर होतं.
कागद घोड्याबरोबर आला, मालडब्यातून,
सुरतेच्या लाइनीनं दोंडाईच्याला.
स्टेशनामागे मिरचीच्या पथारी, लालभडक,
उतरताच तो शिंकला, सलग अकरा वेळा.
हमाल म्हणाला, "हाऊ घोडा नही भो,
हाई ते मेल शे, शिट्टी वाजाडस!"
त्या दिवसापासून तो नुसता मेल.

जिनवाल्या गिरधर नथ्थूंनी त्याला टांग्याला जुंपून पाहिलं.
दोन टांगे मोडले, एक वकील नाल्यात पडला.
मग त्याला जिनामागच्या पत्र्याखाली बांधला,
आणि घोड्या येऊ लागल्या.
शिरपूरहून, शहाद्याहून, तोरणमाळ उतरून पावऱ्यांच्या बुटक्या घोड्या,
दराचं म्हणाल तर एक पोतं हरभरा,
नसेल तर पुढच्या सालाचा वायदा,
तोही नसेल तर गिरधरशेठ दुसरीकडे बघत.

छापील कागद कसरीनं खाल्ला.
उरली माझ्या अब्बांची वही.
करीमोद्दीन नालबंद, अक्षरशत्रू माणूस,
खुराला कोळशाची पूड लावून पानावर टेकवायचे,
कडेनं रेघ ओढायचे, आत एक खूण:
काटा म्हणजे पावऱ्याची, उभी काठी म्हणजे पाटलाची,
तीन ठिपके म्हणजे ठेलाऱ्याची, जिचा पत्ता
आज इथे, उद्या जिथे चारा.
पहिल्या पानावर मेलचा मागचा डावा,
आतल्या अंगाला चपटा,
कळण्याच्या भाकरीची कड कुणी मोडून खाल्ल्यासारखा.
ती मोडकी कड पुढे पानापानांतून येते.
तीन पानं गायब होते.
चौथ्यावर परत.

सारंगखेड्याच्या यात्रेत आता जो तो मेलचा.
यंदा एक पांढराशुभ्र, आरसे लावलेल्या तंबूत, पंख्याखाली,
मालकाच्या बोटात चार अंगठ्या.
म्हणाला, चाचा, वहीतलं एक पान द्या,
नाही तर एक नवं काढा, काय ते सांगा.
मी डावा पाय उचलून पाहिला.
गोल. टाकसाळीतून आल्यासारखा गोल.
म्हटलं, जनावर देखणं आहे. पण हा तो नाही.
तो हसला. "तुमच्या वहीला विचारतंय कोण?"
खरं होतं. दुपारपर्यंत घोडा विकला गेला.

परतताना दोंडाईच्याच्या अलीकडे रस्ता अडला.
ठेलाऱ्यांचा कळप ओलांडत होता, धूळ, घुंगरं,
शेवटी एक मळकट घोडी:
पाठीवर उलटी खाट, खाटेला टांगलेली कोंबडी,
पोत्यातून मान काढलेली दोन कोकरं,
आणि सगळ्याच्या वर झोपलेलं पोर.
तेवढ्यात स्टेशनाकडून शिट्टी आली.
बाकीची तट्टं चालत राहिली.
ही थांबली.
कान पुढे, मान वर, नाकपुड्या फुललेल्या,
पुढचा एक पाय हवेत.
अंगावरून एक थरकाप गेला, वाऱ्यानं तळ्यावर जावा तसा,
आणि मग तिनं पाय खाली ठेवला. हळूच.
वर पोर होतं.

मी मोटरसायकल आडवी लावली,
बाईला म्हटलं, जरा पाय बघू द्या.
"लाथ मारस ती," बाई म्हणाली.
नाही मारली. मोबाइलच्या उजेडात
खूर तळहातावर घेतला, माती पुसली,
अंगठा कडेवरून फिरवला, जिथे कड नव्हती
तिथे थांबला.

"नाव काय हिचं?"
"हिले काय नाव?
चल म्हनं का चालस."

कोळसा नव्हता जवळ. वही घरी.
मी अजून पाय धरूनच होतो,
बाई म्हणाली, सोडा आता,
मेंढ्या पुढे गेल्या.