निवण्याचा वेग

पावणेदहाला ओलीवाचा फोन थरथरला,
पालथ्या पडलेल्या भुंग्यासारखा.
वृषभ राशीच्या अंगाला, चारशे साठ प्रकाशवर्षांवर,
जेमतेम वीस लाख वर्षांचं एक पोर
भडकलंय.
त्याला नाव नाही,
नुसतं आकड्यांचं लांबलचक शेपूट.

पालेर्मोत आज सिरोक्को सुटलाय.
आफ्रिकेची वाळू खिडकीच्या फटीतून
थेट कीबोर्डवर.
ओलीवा अर्ज भरते: दुर्बीण वळवा.
कारण काय? तातडी किती? वेळ किती हवा?
ऐंशी हजार सेकंद, ती लिहिते.
मिळतात बावीस.

तरी वरातीमागून घोडं ते घोडंच.
खरा भडका दिसला दुसऱ्याच उपग्रहाला,
सगळं आकाश चाळत जाताना, ओझरता.
आपली दुर्बीण मान वळवून तिथे पोचेपर्यंत
पाच तास उलटलेले.
(आणि चारशे साठ वर्षं. पण त्यांच्यासाठी
अर्जात रकाना नाही.)

दोन चाळीसला पहिले क्ष-किरण पडू लागतात,
एकेक, सुटे,
पत्र्यावर कुणी वाटाणे टाकावेत तसे.
रेघ उतरणीला लागलेलीच आहे.

तीनला आईचा फोन. क्रोचिफिस्सा, वय एकोणऐंशी.
मार्चमध्ये भट्टी बंद केली, चाव्या देऊन टाकल्या,
पण हाडांना कुणी कळवलंच नाही,
ती तीनला उठतात.
"काय जळतंय तुझ्याकडे?"
"जळून गेलं, आई. आता निवतंय."
"मग हात घालून बघ."

आई असाच हात घालायची भट्टीत,
कोपरापर्यंत, डोळे मिटून,
ओठांत आकडे मोजत.
मग सांगायची: शेवटचं लाकूड रात्री अकराला गेलं,
ऑलिव्हचं होतं,
आणि नव्या पोऱ्याने वर बदामाची टरफलं ओतली, गाढवाने.
मोठी भट्टी सावकाश निवते, म्हणायची,
पत्र्याची शेगडी लगेच तोंड फिरवते.

ओलीवाचं समीकरणही एवढंच म्हणतं,
जरा ग्रीक अक्षरांत.
निवायला लागलेल्या वेळावरून
आगीची लांबी.
ती मांडते, खोडते, पुन्हा मांडते:
ज्वाळेची कमान ताऱ्याच्या दसपट.
एक पाय ताऱ्यावर,
दुसरा बहुधा भोवतीच्या धुळीच्या तबकडीत.
तिथलं थंड लोखंड त्या उजेडात
क्षणभर चमकून गेलंय,
आलेखात बारीकसा खिळा उभा आहे त्याचा.
त्या लोखंडाचं पुढे काय होईल,
एखाद्या जगाचा गाभा, एखाद्या भट्टीचं दार,
की काहीच नाही.

दर दीड तासाने पृथ्वी आड येते.
आलेखात फट पडते.
ओलीवा तेवढ्यात थंड कॉफी पिते,
दातांखाली वाळू करकरते.

तिसऱ्या फटीनंतर
रेघ जिथे असायला हवी तिथे नाही.
वर आहे.
थोडीच, पण वर.

बेनेदेत्तो जांभई देत येतो, खांद्यावरून पाहतो:
"प्रोटॉनचा कचरा असणार. गाळून टाक."
असेलही.
आई अजून फोनवरच आहे, स्पीकर चालू,
तिकडे कपबशीचा आवाज.
"कुणीतरी अजून एक लाकूड टाकलं असेल," ती म्हणते.
बेनेदेत्तो हसतो. ओलीवा हसत नाही.

"आई, तुला भाजायचं नाही का गं?"
"रोज."

बाहेर पिवळट उजाडलंय,
समोरचा डोंगर वाळूत पुसलेला.
ओलीवा नवा अर्ज उघडते.
चाळीस हजार सेकंद लिहिताना
शून्याची कळ वाळूने अडकते,
चार लाख होतात.
खोडण्याआधी ती ते
थोडा वेळ तसंच राहू देते.