सोमवार, गुरुवार उपास

ॲम्ब्युलन्समध्ये चढवता चढवता थर्लबींनी
माझ्या मुठीत किल्ली कोंबली
आणि पाकिटाच्या पाठीवर लिहिलेली यादी:
शिंपल्याचं मांस, बारीक. कोळंबी, सोललेली.
गांडुळं बागेतली चालतील, पण धुऊन.
सोमवार, गुरुवार उपास.
खाली दोनदा रेघ ओढून:
जिवंत मासा कधीही नाही,
ते कितीही बघत राहिले तरी.

मी माणदेशातला.
आमच्याकडे मासा म्हणजे पंचांगातली शेवटची रास
आणि पाणी म्हणजे टँकर.
इथे ग्रिम्स्बीत आठ वर्षं
गोठलेल्या कॉडच्या विटा मोजतोय,
पांढऱ्या, चौकोनी, बिनचेहऱ्याच्या.
माझ्याकडे बघणारा मासा
मी पहिल्यांदा शेजाऱ्याच्या बैठकीत पाहिला.

दोन टाक्या. हीटरचा लाल दिवा.
बाहेर बंदरावरून येणारा, कान कापणारा वारा
आणि आत सव्वीस अंश आफ्रिका.

डावीकडे बिशिर. लांबुडका, जुनाट,
पाठीवर करवतीसारखी परांची रांग,
नाकावर दोन नळ्या.
दिसतं कमी, वासावर चालतो,
मधेच वर येऊन हवेचा घोट घेतो
आणि काही झालंच नाही असा खाली जातो.
थर्लबी त्याला काउन्सिलर म्हणतात:
दिवसा कधी सापडत नाही म्हणून.

उजवीकडे मलावीच्या सरोवरातला.
शिळ्या भाकरीवर बुरशी धरावी
तसे अंगभर डाग.
त्याला नाव नाही. थर्लबी म्हणाले होते,
नाव ठेवलं तरी तो ऐकणार थोडाच.

तिसऱ्या रात्री तो वाळूवर आडवा पडलेला.
एका कुशीवर. कल्ला हलतोय की नाही, कळेना.
टॉर्च मारला. काचेवर टिचकी मारली.
माझ्या हातून गेला, म्हटलं.
परक्याचा जीव, तोही यादीसकट दिलेला.

साडेदहाला वॉर्डात फोन.
नर्सनं बरंच काही सुनावून त्यांच्या कानाला लावला.
आधी खोकला, मग कळलं की ते हसतायत.
"नाटक आहे रे त्याचं.
मढं होऊन पडायचं.
लहानसहान मासे लचका तोडायला आले की
मढ्यानं तोंड उघडायचं.
तू झोप जा."

पण टाकीत तर दुसरं कुणीच नव्हतं.
मग हे मरण कुणासाठी?
खोलीत मीच एकटा,
काचेला नाक लावून,
बरोबर लचक्याच्या अंतरावर.

हे लक्षात यायला आणि
त्यानं काचेवर झडप घालायला एकच गाठ पडली.
मी मागे सोफ्यावर,
त्यांच्या घडी घातलेल्या स्वेटरवर आदळलो
आणि दुसऱ्याच्या घरात, रात्री,
एकटाच कितीतरी वेळ हसत राहिलो.

बाराव्या दिवशी भेटीला गेलो.
थर्लबी एका कुशीवर.
वाळूच्या रंगाचं ब्लँकेट,
सुयांनी काळेनिळे डाग पडलेले हात,
तोंड अर्धं उघडं.
त्यांची मुलगी जोआन खाली
पार्किंगची पावती शोधत होती.
मी खुर्ची ओढली. हाक मारली नाही.
वाकलो, आणखी थोडा वाकलो,
श्वास लागतो का बघायला
हात त्यांच्या नाकाशी नेला.

मनगट धरलं गेलं.

"आज वार काय?"
"सोमवार."
"मग?"
"काही नाही दिलं."

डोळे मिटलेलेच.
पकडही तशीच.
"बोटांना कोळंबीचा वास येतोय."

म्हटलं, कारखान्याचा असेल.

"कारखान्यात कॉड असतो," थर्लबी म्हणाले.
"कुणाला दिलीस? काउन्सिलरला?"