पादुआहून

चराईच्या नाक्यावर माझं किल्ल्यांचं खोकं.
काही हरवलं की लोक माझ्याकडे येतात,
नाहीतर मंगळवारी चर्चमध्ये, अँटनीकडे.
त्याच्याकडे फुकट, माझ्याकडे चाळीस रुपये.
तुमच्या बाबानं धंदा बुडवला माझा,
असं मी रेमेदबाईला म्हणायचो. ती हसायची.

मग पास्कूची वाचा गेली.
पहाटे, दात घासताना. ब्रश हातातच राहिला.

भिशी मोडून ती पादुआला गेली,
पॅरिशच्या पंचेचाळीस माणसांबरोबर,
पिशवीत सुकटाची चटणी.
आल्यावर सांगत होती:
घुमट एवढे, की मोजताना मान आखडली.
आत काचेमागं त्याची जीभ.
बाकीच्याची माती झाली म्हणे,
जीभ तेवढी राहिली आठशे वर्षं.
"काळपट रे. सुकवलेल्या करंदीएवढी."

पुढे थडग्याचा हिरवा दगड.
तळवा टेकायचा आणि मागायचं.
हिनं टेकला. दगड गार,
हातांनी घासून घासून गुळगुळीत.
मागं रांग खोकत होती
आणि हिला काही सुचेना.
चाळीस वर्षं त्याच्याकडे मागितलेलं सगळं
चष्मा, रेशनकार्ड, कानातलं फूल,
धाकट्याचं हॉलतिकीट.
तोंडात तेच आलं:
बाबा, कपाटाची किल्ली मिळू दे.

"कुठली किल्ली?" मी विचारलं.
"हरवलीच नव्हती," ती म्हणाली,
आणि खोक्यावर टांगलेली जुडगी
उगाच हलवत उभी राहिली.

रविवारी पास्कूला चेंदणीच्या बंदरावर नेलं.
एका काखेत ती, दुसऱ्या काखेत मी.
ओहोटी होती. चिखल उघडा,
तिवरांना पिशव्या, पलीकडे कळव्याचा पूल.
इथे तो पाग टाकायचा.
ती त्याला सांगायला लागली,
की माणसं ऐकेनात तेव्हा अँटनी
नदीच्या मुखाशी गेला, माशांशी बोलला,
आणि मासे माना वर काढून उभे राहिले,
बारके पुढे, थोर मागे,
आपल्या चर्चमध्ये बसतात तसे.

पास्कूनं तोंड उघडलं.
आला तो शब्द नव्हता.
चुकीची किल्ली कुलपात अर्धी फिरून अडते,
तो आवाज मी झोपेतही ओळखतो.

चिखलात निवट्यांनी डोळे वर काढले.
दोन. मग पाच-सहा. मग मोजता येईनात.
ओहोटीला त्या तशाही येतात वर,
कुणी बोलो न बोलो.
मी तसं म्हणणार होतो.

रेमेदबाईनं त्याला कोपरानं ढोसलं.
"बोल की," म्हणाली, "थांबल्यात त्या."