दीड कुडव

झनकलालच्या बांधीत सारसांनी घर केलं.
रोवलेलं धान उपटून, आडवं पाडून
खाटेएवढा ढीग. वर दोन अंडी.

संस्थेचे आम्ही तिघं :
मी, प्रमिला मेश्राम,
आणि डाव्या काचेत बुरशी आलेली दुर्बीण.

"निंदण बाकी हाये जी," तो म्हणाला,
"उद्या बाया येतीन. का सांगू त्याईले?
पाखरू बसलं म्हनून?"
प्रमिला म्हणाली, हो. तसंच सांगा.

मग धुऱ्यावर आळीपाळीनं, तेहतीस दिवस.
कुत्री हाकलली.
फोटो काढायला आलेले पोट्टे हाकलले.
एकदा मादीनं मलाच हाकललं;
एक चप्पल अजून त्या गादीत आहे.

एक अंडं फुटलं.
दुसऱ्यापाशी नर आणखी चार दिवस
उभा राहिला, भर पावसात,
मग तोही बोडीकडे गेला.

रजिस्टरात शेवटचा रकाना नुकसानीचा.
झनकलालनं मोडलेल्या धानावरून नजर फिरवली :
"लिवा, दोन कुडव."

मी लिहिलं.
तो बांधीकडे बघत राहिला.

"दीड करा.
घरवाली रोज पाहाले येत होती,
अर्धा तिच्याकडं लागला."