तास

वॉर्ड सातच्या तक्त्यावर निळ्या शाईत
डॉक्टरांनी एकच शब्द लिहिलाय: डिलीरियम.
खाली ताप, नाडी, लघवी.

एकतीस वर्षं मी लाउथच्या शाळेत लॅटिन शिकवलं.
शब्द दिसला की त्याची साल काढायची खोड
इथेही सुटत नाही,
खुर्ची प्लास्टिकची, चहा गार.
लीरा म्हणजे नांगराचा तास.
डे म्हणजे पासून, सोडून, बाहेर.
तास सोडून भलतीकडे गेलेला बैल
आणि रुमण्याला धरून त्याच्यामागे फरफटणारा माणूस;
बांधावरून बघणारा कुणी शेजारी
हसलाही असेल तेव्हा.

आणि हे माझे वडील, सिरिल ऑझरबी.
लिंकनशायरच्या काळ्या, सपाट रानात
उभ्या जन्मात ज्यांचा तास वाकडा गेला नाही.
नांगरटीच्या शर्यतीतले चार कप
अजून आहेत स्वयंपाकघरात,
एकात रबरबँड, एकात घड्याळाचे संपलेले सेल.

मंगळवारपासून ते मला ओळखत नाहीत.
मला "पोरा" म्हणतात. बाजूला हो म्हणतात,
घोडीच्या पायात येशील.
दोन्ही मुठी चादरीवर आवळलेल्या,
कोपर अंगाला चिकटलेले,
डोळे थेट समोर,
दारावरच्या हिरव्या दिव्यावर.

पायाखाली बघायचं नाही, ते सांगायचे,
मी आठ वर्षांची, बूट चिखलात रुतलेले.
पायाखाली बघितलंस की गेलीस.
लांबची एक खूण धर
आणि तिच्याकडे चालत राहा.
त्यांची खूण चर्चचा मनोरा असायची,
धुकं असलं तर
कुंपणाला बांधलेली आईची जुनी पांढरी ओढणी.

सलाईनचा स्टँड त्यांच्या वाटेत येत होता.
मी उठले, दोन वितींनी सरकवला.
नर्स म्हणाली, काय करताय?
काय सांगणार.
शब्द चुकलाय, एवढंच आलं तोंडात.
ती हसली, तक्ता पुन्हा नीट अडकवला,
म्हणाली, भेटीचा तास संपला, मिस ऑझरबी.

त्यांचा अजून अर्धाच झाला होता.
मी कोट हातात घेऊन उभी राहिले.
दिव्याच्या अगदी जवळ आल्यावर
त्यांनी जीभ टाळूला लावून आवाज काढला,
घोडी वळवताना काढायचे तसा,
आणि हळूच
डावा खांदा खाली गेला.