डावी टोपली

जिंतूरहून येलदरीला जाताना
उजव्या हाताला आमची शाळा.
दोन खोल्या, एक मोठा टीव्ही, अकरा टॅब,
त्यातले नऊ चालतात.
'परिसरातील कारागीर' असा उपक्रम वरून आला
तेव्हा केवळाबाई बुरडीणीच्या ओट्यावर
मी खुर्चीला मोबाइल बांधला चिंधीनं
आणि म्हणालो, मावशी, तुम्ही आपलं काम करा,
मी इथं नाहीच असं समजा.

"न्हाईस कसं समजू," ती म्हणाली,
"उजेड अडवूलालास."

सरकलो.
कत्ती बांबूत शिरली, पेऱ्यापाशी अडली,
किंचित कलली, सुटली.
एक बेळ निघाली. तिच्यातून दुसरी,
मग पलीकडचं कोंबडं दिसेल
इतकी पातळ तिसरी.

चौपन्न मिनिटांचं काम
रात्री बसून मी सहा मिनिटांचं केलं.
पाणी पिणं काढलं. नातवाला हासडलेली शिवी काढली.
मध्येच ती बेळ गालाला लावायची,
घाम पुसत असेल,
तेही काढलं.
खाली अक्षरं दिली : पायरी एक, पायरी दोन.

सोमवारी वर्गभर कट्, कट्, कट्.
सहावीच्या तेवीस लेकरांच्या बेळी
वळणावर मोडत होत्या.
व्हिडिओ मात्र दर वेळी बरोबर चालत होता.

अलफियानं तर हातच लावला नव्हता.
पंक्चरवाल्या मुनीरची पोर, डावखुरी;
जेवताना, लिहिताना, कात्री धरताना
ज्यानं त्यानं तिचा हात बदलून दिलेला.
"सर, बाईंचे हात मला उलटे पडतात."

टॅबवर एक खूण असते,
दोन त्रिकोण, पाठीला पाठ लावून बसलेले.
दाबली.
केवळाबाई डावखुरी झाली.
अंगठ्यावरचा जुना वण
या हातावरून त्या हातावर गेला,
उंबऱ्याच्या अलीकडचा लिंब पलीकडे.
अलफिया बघत राहिली,
मग तिची बोटं आपली आपण हलू लागली.
बेळ तिचीही मोडली,
पण तिच्याच हातात मोडली.

शुक्रवारी केवळाबाई स्वतः आली.
पुस्तकातली ती काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची खूण
तिनं नखानं चाचपली :
"हे कुणी इनलं? हितं एक उचलायची राह्यली."
मग टीव्हीपुढं उभी राहिली, डोक्यावरचा पदर धरून.
"हात माझेच. पर बाई दुसरीच."
पुन्हा लाव म्हणाली. पुन्हा लावला.
"ओल बघायची कुठं गेली?"

कसली ओल, मी विचारलं.

तिनं एक बेळ उचलून
सगळ्या वर्गासमोर माझ्या गालाला लावली.
मग बादलीत बुडवून, झटकून,
जरा थांबून दुसरी.
"हाताला घट्टे पडलेत रे. हाताला काय कळतंय.
गालाला कळती."

काढून टाकलेलं मोबाइल तीस दिवस सांभाळतो.
एकोणीस झाले होते.
रात्री शोधून नऊ सेकंद परत जोडले,
खाली काही लिहिलं नाही.
काय लिहायचं, सुचलंही नाही.

नंतरच्या आठवड्यात केंद्रप्रमुख आले
तेव्हा तेवीस लेकरं गालाला बेळ लावून बसलेली,
सगळ्यांची एकदम दाढ दुखावी तशी.
त्यांनी वहीत 'उपस्थिती चांगली' लिहिलं.

अलफियाची टोपली एका अंगाला कललेली,
वीण डावीकडं धावणारी.
केवळाबाईनं ती फिरवली, थांबली,
उलट फिरवली.
"आमच्यात आशी कुणी इनली न्हाई,"
एवढंच. चांगली की वाईट, ते नाही.
टोपलीत मूठभर ओल्या बेळी टाकल्या,
वर फडकं झाकलं.

"उद्या घरी ये. कडं बांधायचं राह्यलंय."
आणि माझ्याकडं न बघता :
"तू बी ये.
उजेड सोडून बस."